ओला दाणा वर ठेवा

सेनगावच्या मोंढ्यात सोयाबीन घालणाऱ्या माणसाला ओलाव्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. हमीभावाच्या खरेदीत १२ टक्क्यांची अट असते. २०२४ च्या हंगामात केंद्र सरकारने ती १५ टक्क्यांपर्यंत सैल केली होती. मूठभर दाणे यंत्रात पडले की हंगामाच्या मेहनतीचा निकाल लागतो.

याच ओलाव्याची एक गोष्ट मदीनेच्या बाजारातली आहे. हजरत मुहम्मद पैगंबर (स.) बाजारातून जात असताना धान्याच्या एका ढिगापाशी थांबले. ढिगात हात घातला तर बोटांना ओल लागली. पावसाने भिजले, असे विक्रेत्याने सांगितले. मग भिजलेले धान्य वर का ठेवले नाही, घेणाऱ्याला दिसले असते, असे पैगंबरांनी त्याला विचारले आणि फसवणारा आपल्यातला नाही, असे बजावले. ‘सहीह मुस्लिम’ या हदीससंग्रहात ही घटना नोंदलेली आहे.

रमजानमध्ये मशिदीतल्या बयानात ही गोष्ट हमखास निघते. ऐकणाऱ्यांत दुकानदार पुष्कळ असतात. पण ती पुण्याची गोष्ट म्हणून ऐकली जाते, धंद्याची म्हणून फारशी नाही. वास्तविक लहान दुकानाच्या जाहिरातीसाठी याहून कामाचा सल्ला सापडणे अवघड आहे.

मोठ्या कंपनीला लाखो अनोळखी माणसांपर्यंत पोहोचायचे असते. सेनगावच्या कापड दुकानाचे गिऱ्हाईक म्हणजे गावातली आणि आसपासच्या खेड्यांतली मोजकी घरे, आणि ही घरे एकमेकांशी बोलतात. लग्नात, दवाखान्यात, एसटीच्या थांब्यावर बोलतात. एका बाईला रंग जाणारा कपडा गेला तर तिची अख्खी गल्ली पुढच्या ईदला हिंगोली किंवा रिसोड गाठते, नाहीतर मोबाइलवरून मागवते. भावात मोबाइलशी झुंजणे लहान दुकानदाराला परवडत नाही. पण त्याला एक गोष्ट जमते, ती मोबाइलला जमत नाही. तो समोर बसून सांगू शकतो, ‘ताई, हा खजूर मागच्या सालचा आहे, चव चांगली आहे पण थोडा कडक झालाय, म्हणून भाव कमी.’ त्या दिवशी कदाचित पाव किलोच विकला जाईल. पण पुढच्या वेळी तोच दुकानदार ‘हा माल ताजा आहे’ म्हणाला की ताईला दुसरीकडे विचारायची गरज उरत नाही.

इमाम अबू हनीफा हे फिक्हचे, म्हणजे धर्मशास्त्राचे, फार मोठे नाव. ते कूफ्याच्या बाजारात कापडाचे व्यापारी होते. त्यांच्या भागीदाराने दोष न सांगता एक कापड विकले, तेव्हा त्या व्यवहाराचे सगळे पैसे त्यांनी दान करून टाकले, असे त्यांच्या चरित्रात सांगतात. आजच्या दुकानदाराने इतके करावे अशी कुणाची अपेक्षा नाही. डागी माल वेगळ्या फळीवर ठेवून वर पाटी लावली तरी पुष्कळ झाले.

शपथांचेही तसेच. ‘खुदा की कसम’ आणि ‘आईशप्पथ’ या दोन्ही बाजारात सारख्याच स्वस्त झाल्या आहेत. शपथेने माल खपतो पण बरकत जाते, असे हदीस सांगते. गिऱ्हाईकही आता शपथ ऐकली की सावध होते. खोटी बोली लावून भाव चढवायला अरबीत ‘नजश’ म्हणतात आणि त्याला मनाई आहे. भाच्या-पुतण्यांकडून इंटरनेटवर दुकानाला पाच-पाच तारे मिळवणे हे त्याच जातीचे काम. गूगल मॅपवर दुकानाची नोंद मात्र जरूर करावी, ती मोफत होते. दुकानाचा खरा फोटो आणि रमजानमधली खरी वेळ घालावी. साडेसहाच्या सुमारास इफ्तारसाठी शटर ओढले जाते हे बाहेरगावच्या माणसाला कसे कळणार? तरावीहनंतर दुकान पुन्हा उघडणार असेल तर तेही लिहावे.

व्हॉट्सअॅप बिझनेसही मोफत आहे, पण त्यात एक मेख आहे. ब्रॉडकास्ट यादीत २५६ जणांना घालता येते आणि निरोप पोहोचतो तो ज्यांनी तुमचा नंबर जतन केला आहे त्यांनाच. म्हणजे आधी गिऱ्हाइकाच्या फोनमध्ये जागा मिळवावी लागते. रोज सकाळी गुलाबाच्या फुलाचे चित्र पाठवणाऱ्याचा नंबर कुणी ठेवत नाही. ‘आज नवीन शेवया आल्या, पाव किलोचा भाव इतका’ एवढा एकच निरोप, तोही आठवड्यातून एकदा, पुरे.

शेवयांवरून आठवणारे उदाहरण पापडाचे आहे. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईच्या गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन इमारतीच्या गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी चार पाकिटे झाली. पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून चार महिने काम बंद ठेवावे लागले. पुढच्या पावसाळ्यात त्यांनी खाटेवर पापड पसरले आणि खाली शेगडी ठेवली. सुरुवातीला त्यांचा एक चांगला आणि एक स्वस्त असे दोन प्रकारचे पापड करण्याचा विचार होता. त्यांचे मार्गदर्शक छगनलाल पारेख यांनी एकच, उत्तम दर्जाचा माल काढा आणि हिशोब चोख ठेवा, असे सांगितले. हेच पुढे लिज्जत पापड झाले. सेनगाव परिसरातल्या बचत गटांच्या बायका आता वाळवणाच्या दिवसांत शेवया, कुरडया, पापड करतात, आणि सध्या रमजान नेमका याच दिवसांत येतो. शीरखुर्म्याला शेवया प्रत्येक मुस्लिम घरात लागतात. पाकिटावर गटाचे नाव, गाव, वजन, केल्याचा महिना आणि किंमत ठसठशीत हवी. अन्नपदार्थाची एफएसएसएआय नोंदणीही हवी. भाजलेल्या शेवया आणि साध्या शेवया वेगळ्या बांधल्या तर शेजारची ताईच पहिली जाहिरातदार होते.

आता शिंपीदादांचा विषय, ज्यावर प्रत्येक घरात एक तरी तक्रार असतेच. संत नामदेव याच जिल्ह्यातल्या नर्सीचे आणि त्यांच्या घरचा व्यवसाय शिंप्याचा. त्या गावच्या शेजारात ईदच्या आदल्या रात्री, चांद दिसल्यावर, मुलगा कुर्त्यासाठी दुकानाच्या पायरीवर रडत बसतो हे बरे दिसत नाही. दिलेला शब्द पाळण्याची ताकीद कुरआनात आहे. त्याचा धंद्यातला अर्थ सोपा आहे. रोज किती कपडे शिवून होतात ते मोजावे आणि विसाव्या रोज्याला ‘ईदची शिलाई बंद’ अशी पाटी लावावी. चार गिऱ्हाइके परत जातील. पुढच्या वर्षी तीच चार पहिल्या रोज्यालाच येतील.

काट्याबद्दल कुरआनात एक सबंध सूरह आहे, मापात मारणाऱ्यांवर. इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दरवर्षी करून घ्यावी लागते. त्याचे प्रमाणपत्र बहुतेकांच्या गल्ल्यात घडी होऊन पडलेले असते. ते फ्रेम करून काट्याच्या मागे लावले तर फ्लेक्सवरच्या हसऱ्या चेहऱ्यापेक्षा जास्त बोलते.

बरेच मुस्लिम व्यापारी रमजानमध्ये जकात काढतात, विक्रीच्या मालाच्या किमतीवर अडीच टक्के. त्यासाठी दुकानातला माल मोजावा लागतो, आणि मोजताना तीन वर्षे न हललेली बंडले सापडतात. दिवाळीला वहीपूजन करणाऱ्यांचाही अनुभव वेगळा नसावा. ती बंडले तेव्हाच, दोष सांगून, कमी भावात काढावीत.

मालाची खरेदी ठरवताना पंचांगही पाहावे. हिंदू पंचांगात अधिक मास येतो, हिजरी सनात येत नाही, म्हणून रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. २०२५ मध्ये गुढीपाडवा ३० मार्चला आणि ईद ३१ मार्चला होती. एकाच खरेदीत दोन सण निघाले, हळदीचा आणि हरभऱ्याचा पैसाही हातात येत होता. २०३० मध्ये रमजान दोनदा सुरू होईल, एकदा जानेवारीत आणि पुन्हा डिसेंबरच्या अखेरीस. तेव्हा हळद शेतातच उभी असेल आणि उधारीची वही आजच्यापेक्षा जाड ठेवावी लागेल.