जुन्या दुनळीचं ‘ब्लूइंग’

परवा गावच्या एका काकांची परवान्याची जुनी बारा बोअर दुनळी बंदूक पाहिली. नळ्यांवरचा रंग पार उडालेला. ‘ब्लूइंग करून घ्या’ म्हटलं, तर म्हणाले, ‘म्हणजे पेंट मारायचा ना?’

छे! मुद्दाम गंजवायचं.

नळ्यांचा तेलकटपणा काढून आम्लयुक्त द्रावण पातळ लावतात, दमट जागी ठेवतात. तांबूस गंज चढला की पाण्यात उकळायचं. त्याचा काळा मॅग्नेटाइट होतो. वरची भुकटी बारीक स्टील वूलने काढायची. मनाजोगती छटा येईपर्यंत पुन्हापुन्हा हेच. शेवटी तेल.

कॉस्टिक सोड्याचं गरम ब्लूइंग झटपट होतं, पण दुनळीला नकोच. बहुतेक जुन्या दुनळ्यांच्या नळ्या कथील-शिशाच्या सोल्डरने जोडलेल्या असतात; कॉस्टिकचं द्रावण ते सोल्डर खातं.

काम परवानाधारक कारागिराकडूनच करून घ्या.