बोलायला शिकवा, गप्प बसायलाही!

मुलांनो, समजा, शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाची चौकशी तुमच्या घरच्या ईमेलवर येतेय. शंभर जण विचारताहेत, "प्रदर्शन किती वाजता?" तेच उत्तर शंभरदा कोण लिहीत बसणार? हे काम चक्क संगणकावर सोपवता येतं!

त्याला फक्त एक नियम द्यायचा. नियमाचे भाग दोन : 'जर' आणि 'तर'. जर पत्राच्या विषयात 'विज्ञान प्रदर्शन' हे शब्द असतील, तर ठरलेलं उत्तर पाठव. आई-बाबांना सोबत घेऊन संगणकावर जीमेल उघडा. सेटिंगमध्ये 'टेम्प्लेट' सुरू करा, उत्तर लिहून जतन करा. मग 'फिल्टर' तयार करा. त्यात विषयाच्या चौकटीत हे शब्द भरा आणि टेम्प्लेट पाठवण्याचा पर्याय निवडा. झालं!

पण थांबा! पत्र पाठवणाऱ्या दादानंही असाच नियम लावला असेल तर? तुमचं उत्तर पोचताच त्याचा संगणक उत्तर देईल. त्याच्या विषयात बहुधा मूळचेच शब्द असतील, म्हणजे तुमचा नियम पुन्हा लागू! माणूस कंटाळतो, यंत्र कंटाळत नाही. दोघं रात्रभर पत्रं लिहीत बसतील, पेट्या भरून जातील आणि कामाचं पत्र कुठंतरी हरवेल.

यावरची युक्ती जुनीच आहे. १९८६ साली बर्कली युनिक्समध्ये 'व्हेकेशन' नावाचा प्रोग्रॅम आला. कुणाला उत्तर दिलं याची तो नोंद ठेवायचा आणि त्याच माणसाला आठवडाभर पुन्हा उत्तर देत नसे. २००४ साली इंटरनेटसाठी याबद्दल शिफारशी लिहिल्या गेल्या : यंत्रानं पाठवलेल्या उत्तरावर तशी खूण असावी, आणि खूण दिसली की दुसऱ्या यंत्रानं गप्प बसावं. जीमेलचं सुट्टीतलं उत्तरही एका माणसाला चार दिवसांत एकदाच जातं.

आणखी एक गोष्ट, बरं का. हे उत्तर अनोळखी माणसालाही जाऊ शकतं. म्हणून त्यात 'आम्ही सगळे गावाला गेलोय, घराला कुलूप आहे' असं चुकूनही लिहू नका. पत्ता नको, फोन नंबर नको. 'उत्तराला थोडा उशीर होईल' एवढंच पुरे.

नियम लावल्यावर एखाद्या मित्राला पत्र पाठवायला सांगून तो नीट चालतोय ना, ते पाहा. आणि प्रदर्शन संपलं की नियम आठवणीनं काढून टाका. नाहीतर तुमचा संगणक दिवाळीतही लोकांना प्रदर्शनाचं आमंत्रण देत राहील!