‘पिवडी’ आणि ‘इंडियन यलो’ : पर्यायी रंगमिश्रणाचा विचार

रंगाचे नाव पदार्थाचे वाचक असते की केवळ दिसण्याचे, हा प्रश्न शब्दार्थविचारापुरताच आहे असे वाटण्याचा संभव आहे. तैलचित्रणात मात्र त्याचे उत्तर चुकल्यास चित्रच बिघडते. ‘इंडियन यलो’ हे याचे बोलके उदाहरण होय.

गिरगाव-लालबागकडील जुन्या पिढीस ‘पिवडी’ म्हणजे चुन्यात कालवून भिंतींना द्यावयाची पिवळी माती, हा अर्थ परिचित आहे. या शब्दाशी रूपसाम्य असलेला ‘पिउरी’ हा शब्द उत्तर भारतात एका निराळ्याच द्रव्यास लावला जाई. त्रैलोक्यनाथ मुखर्जी यांनी १८८३ मध्ये मुंगेरजवळील मिर्झापूर येथील त्याची कृती वर्णिली आहे : आंब्याच्या पानांवर पोसलेल्या गाईंचे मूत्र तापवावयाचे, खाली बसलेला साका गाळून घ्यावयाचा व त्याचे गोळे वाळवावयाचे. या वृत्तान्ताविषयी पुढे संशय व्यक्त झाला. तथापि इंग्लंडमधील क्यू येथील वनस्पति-उद्यानात जतन केलेल्या नमुन्यांचे जे पृथक्करण २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले, त्याने त्यास पुष्टीच मिळाली. विसाव्या शतकाच्या आरंभी हे द्रव्य बाजारातून नाहीसे झाले. नाव तेवढे उरले. आज जे. जे. कलाशाळेचा विद्यार्थी या नावाची नळी घेतो तेव्हा तीत कृत्रिम रंगद्रव्य असते, आणि ते सर्व उत्पादकांचे एकच असते असे नाही.

ती नळीही न मिळाल्यास मिश्रणाने कशाची बरोबरी साधावयाची? मूळ रंग जाड थरात नारिंगीकडे झुकणारा, पातळ थरात सोनेरी आणि पारदर्शक असे. कॅडमियम यलोमध्ये लाल मिसळून छटा जुळविता येते. परंतु कॅडमियम अपारदर्शक असल्याने खालचा थर झाकला जातो. म्हणून नळीवरील रंगद्रव्याचा क्रमांक पाहावा. पीवाय १५० हा निकेल-अ‍ॅझो पिवळा पारदर्शक असून प्रकाशात टिकतो. त्यात पारदर्शक लोह-ऑक्साइडाचा तांबडा, पीआर १०१, चाकूच्या टोकावर राहील इतकाच, क्रमाक्रमाने घालावा. पीआर १०१ हा क्रमांक अपारदर्शक तांबड्यासही असतो. तेव्हा ‘पारदर्शक’ हा उल्लेख पाहिल्यावाचून नळी घेऊ नये.

मिश्रणाची परीक्षा तीन प्रकारे करावी. पांढऱ्या पृष्ठावरील काळ्या रेघेवर पातळ थर द्यावा. रेघ स्वच्छ दिसली पाहिजे. थोडे मिश्रण पांढऱ्यात मिसळून त्याची फिकट छटा पाहावी. वाळल्यावर ते दिवसाच्या उजेडात व विजेच्या दिव्याखाली तपासावे, कारण एका प्रकाशात जुळलेले रंग दुसऱ्यात जुळतीलच असे नाही.

समानार्थी शब्द एका वाक्यात चालतो आणि दुसऱ्यात अडतो. पर्यायी रंगाचेही तसेच आहे. मूळ इंडियन यलो अतिनील प्रकाशात पिवळे चमकते, आणि हा गुण वरील मिश्रणात उतरत नाही. म्हणून जुन्या चित्राच्या दुरुस्तीत पर्याय वापरल्यास त्यातील रंगद्रव्यांचे क्रमांक नोंदवून ठेवावेत. नुसते ‘इंडियन यलो’ असे लिहिल्यास पुढील अभ्यासकाची दिशाभूल होईल.