विश्लेषण : ‘आयपॅड एअर’ची गरज उरली आहे का?

‘एअर’ म्हणजे हवा. पण ॲपलच्या टॅबलेटमध्ये सर्वांत हलका ‘एअर’ नाही. २०२५च्या ११ इंची ‘एअर’चे वजन ४६० ग्रॅम, तर त्याहून कितीतरी महाग ‘प्रो’चे ४४४ ग्रॅम (२०२४चे मॉडेल). नाव एकाचे, गुण दुसऱ्याचे! मग साधा ‘आयपॅड’ आणि ‘प्रो’ यांच्यामध्ये हा हवा कशाला? मुलांच्या कॉलेजसाठी टॅबलेट घ्यायला निघालेल्या घरात हा प्रश्न २०२५च्या किमतींनुसार थेट २५ हजार रुपयांचा होता.

‘एअर’ मधला कधी झाला?

२०१३ मध्ये ‘एअर’ हाच मुख्य आयपॅड होता. आधीच्या ६५२ ग्रॅमवरून वजन ४६९ ग्रॅमवर आले होते, त्यामुळे नाव शोभत होते. २०१५ मध्ये ‘प्रो’ आला. मार्च २०१७ मध्ये ॲपलने ‘एअर’ बंदच केला आणि ३२९ डॉलरचा स्वस्त आयपॅड आणला. पुढे ११ इंची ‘प्रो’ ७९९ डॉलरवर गेला. मधली जागा फारच मोकळी दिसू लागली, तेव्हा मार्च २०१९ मध्ये ‘एअर’ ४९९ डॉलरला परतला. म्हणजे हे मॉडेल एकदा काढून पाहिलेले आहे.

किमतीचे गणित काय सांगते?

मार्च २०२५ मध्ये भारतात साधा आयपॅड ३४,९०० रुपयांना आला, ११ इंची ‘एअर’ ५९,९०० रुपयांना. दोन्हींत साठवण १२८ जीबी, दोन्हींचा पडदा ६० हर्ट्झचा. त्या ‘एअर’मध्ये एम३ चिप आणि ‘ॲपल इंटेलिजन्स’ मिळत होते, हे खरे. पण व्याख्याने पाहणे, पीडीएफ वाचणे, व्हिडीओ कॉल यासाठी एम३ लागत नाही. त्यात सप्टेंबर २०२५च्या आयपॅडओएस २६ने हव्या त्या आकाराच्या खिडक्या उघडण्याची सोय साध्या आयपॅडलाही दिली. ‘एअर’चे एक मोठे कारण तिथेच गळाले.

मोठ्या पडद्याचे गणित मात्र उलटे आहे. साधा आयपॅड १३ इंचांत मिळतच नाही. २०२५ मध्ये १३ इंची ‘एअर’ ७९,९०० रुपयांना होता, तर तेवढाच ‘प्रो’ १,२९,९०० रुपयांना. ‘प्रो’ २५६ जीबीपासून सुरू होतो, तेवढी साठवण ‘एअर’मध्ये घेतली तरी तेव्हा सुमारे ४० हजार वाचत होते. ‘प्रो’चा ओलेड पडदा आणि १२० हर्ट्झ डोळ्यांना सुखावतात, पण ४० हजारांइतके? बहुतेकांना नाही.

मग घ्यावा कोणी?

जो रोज हाताने लिहितो किंवा चित्रे काढतो, त्याने. साध्या आयपॅडच्या काचेखाली पोकळी असते, त्यामुळे पेन्सिलचे टोक आणि उमटलेली रेघ यांत किंचित अंतर जाणवते. त्याला चालणाऱ्या यूएसबी-सी पेन्सिलला हाताचा दाब कळत नाही. पहिल्या पिढीच्या पेन्सिलला कळतो, पण ती जोडायला वेगळा अडॅप्टर लागतो. ‘पेन्सिल प्रो’ फक्त ‘एअर’पासून वर चालते (‘मिनी’चा अपवाद), आणि तिचे ११,९०० रुपये वेगळे मोजावे लागतात. स्थापत्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला हा खर्च पटेल. यूट्यूबवर वर्ग पाहणाऱ्या अकरावीच्या मुलासाठी ३४,९००चा पुरेसा आहे. उरलेल्या पैशांत कीबोर्ड, कव्हर घेऊनही हातात काही शिल्लक राहील.