बिनमाणसाच्या गल्ल्यावर तासगावची द्राक्षं

फेब्रुवारी-मार्चमध्ये तासगाव तालुक्यातल्या मणेराजुरी, सावळज भागात द्राक्षाचा हंगाम भरात असतो. निर्यातीच्या बागेत घड कात्रीनं उतरवतात, डागी मणी काढून टाकतात, ५०० ग्रॅमच्या पनेटमध्ये, म्हणजे छोट्या डबीत, घड बसवतात आणि पेटीत बुरशी रोखणारा ग्रेप गार्डचा कागद घालून ती बंद करतात. मग प्रीकूलिंग, कंटेनर, न्हावा शेवा बंदर, काही आठवड्यांचा समुद्र आणि रॉटरडॅम. तिथून पुढे एखाद्या सुपरमार्केटच्या फळीवर. गिऱ्हाईक पनेट उचलतं आणि ज्या गल्ल्यावर नेतं त्याच्यामागे कुणीच बसलेलं नसतं. पनेट काचेवरून फिरते, ‘पीं’ वाजतं, पडद्यावर नाव आणि किंमत उमटते. गिऱ्हाईक ती पिशवीत ठेवतं, कार्ड टेकवतं आणि चालू लागतं.

या एका ‘पीं’मध्ये किती डोकी राबली आहेत हे कळलं, की त्या यंत्राकडे साधं यंत्र म्हणून पाहवत नाही.

आधी पनेटवरच्या त्या काळ्या रेघा, म्हणजे बारकोड, घ्या. त्यांत द्राक्षाचं नाव नाही, किंमतही नाही. आहे तो फक्त एक आकडा. नाव आणि भाव दुकानाच्या संगणकात असतात आणि आकडा तिथलं नेमकं पान उघडून देतो. म्हणूनच सकाळी भाव बदलला तरी एकाही पनेटवरची चिठ्ठी बदलावी लागत नाही. नॉर्मन जोसेफ वुडलँड या अमेरिकन माणसानं १९४९ साली मायामीच्या किनाऱ्यावर बसून वाळूत बोटांनी रेघा ओढल्या. मोर्सच्या तारायंत्री लिपीतले ठिपके आणि रेघा खाली लांबवल्या तर जाडबारीक पट्टे तयार होतात, हे त्याला तिथे सुचलं. पेटंट १९५२ साली मिळालं, पण पट्टे वाचायला स्वस्त लेसर आणि संगणक यायला आणखी दोन दशकं गेली. २६ जून १९७४ रोजी ओहायो राज्यातल्या ट्रॉय गावी मार्श सुपरमार्केटमध्ये च्युइंगगमचं एक पाकीट काचेवरून गेलं आणि अशा रेघांची दुकानातली ती पहिली ‘पीं’ वाजली. गिऱ्हाइकानं स्वतःच वस्तू फिरवायची यंत्रं त्यानंतर साधारण दहा-बारा वर्षांनी आली.

आता थोडं गणित. त्यातच खरी गंमत आहे. आपल्याकडे नोंदलेल्या कंपन्यांचा आकडा ८९० ने सुरू होतो. (८९० म्हणजे माल भारतात पिकला असं नव्हे. कंपनीची नोंदणी भारतात आहे, एवढंच. परदेशी दुकान स्वतःच्या आकड्यानं आपली द्राक्षं विकू शकतं.) समजा आकडा आहे ८९०१२३४५६७८९. हे झाले बारा अंक, पडताळणीचा तेरावा अजून ठरायचाय. डावीकडून एकाआड एक अंकाला १ आणि ३ ने गुणत चला: ८, २७, ०, ३, २, ९, ४, १५, ६, २१, ८, २७. बेरीज १३०. पुढच्या दहाच्या पटीत जायला किती हवेत? शून्य, कारण १३० आधीच दहाच्या पटीत आहे. म्हणून तेरावा अंक ०.

आता चिठ्ठीवर ओल आली आणि यंत्रानं ७ च्या जागी १ वाचला असं धरा. २१ ऐवजी ३ आले, बेरीज ११२ झाली, शेवटचा अंक ८ हवा होता आणि दिसतोय ०. यंत्र गप्प बसतं. कुठलाही एक अंक चुकला तरी ही बेरीज तो पकडतेच, कारण १ ते ९ मधल्या कुठल्याच फरकाला ३ ने गुणून दहाची पट येत नाही. शेजारशेजारचे दोन अंक उलटे पडले तरी बहुतेक वेळा चूक सापडते. निसटतात त्या फक्त पाचाचा फरक असलेल्या जोड्या, म्हणजे १ आणि ६ किंवा २ आणि ७. शाळकरी पोराला जमेल अशा बेरजेवर जगभरचा बाजार निर्धास्त चालतो, याचं मला दरवेळी नव्यानं नवल वाटतं.

याहून नवलाची गोष्ट पुढे आहे. अंक तेरा, पण रेघा बारा अंकांच्याच असतात. सुरुवातीच्या ८ ला स्वतःची एकही रेघ नाही. त्याच्या पुढचे सहा अंक दोन वेगवेगळ्या वळणांनी लिहिता येतात आणि कुणी कुठलं वळण घेतलंय त्या क्रमावरून यंत्र ८ ओळखतं. डाव्या आणि उजव्या अर्ध्याची लिखावटही निराळी असते. त्यामुळे पनेट उलटी धरली तरी वाचायला कुठून सुरुवात करायची ते यंत्राला कळतं.

रेघांचं काम इथे संपतं. पण कुणी स्वस्त वस्तूची चिठ्ठी फिरवून महाग वस्तू पिशवीत टाकली तर? म्हणून बऱ्याच यंत्रांत पिशवीच्या फळीखाली वजनकाटा असतो, तो वस्तूचं वजन आधी नोंदलेल्या वजनाशी ताडून पाहतो. त्यातला लोडसेल म्हणजे धातूचा ठोकळा, त्यावर नागमोडी तारेची पातळ पट्टी चिकटवलेली. पनेट ठेवली की ठोकळा डोळ्याला दिसणार नाही इतका वाकतो, तार किंचित ताणली जाते, तिचा विद्युतरोध बदलतो आणि त्या बदलावरून ग्रॅम मोजले जातात. तासगावच्या बाजारात बेदाण्याचा बॉक्स ज्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर चढतो, उसाची ट्रॉली ज्या वेब्रिजवर उभी राहते, तिथेही हेच तत्त्व.

द्राक्ष मात्र या काट्याला जड जातं. साबणाची वडी आज जेवढी, तेवढीच उद्या. द्राक्षातून वाटेत पाणी उडतं, देठ सुकतो, वजन घटतं. म्हणून पॅकहाऊसमध्ये पनेट थोडी सढळ भरतात. दोन पनेट कधीच तंतोतंत सारख्या नसतात, तेव्हा यंत्राला एका आकड्याऐवजी थोडी ढील द्यावी लागते. ढील कमी ठेवली तर प्रामाणिक गिऱ्हाइकासमोर लाल दिवा लागतो आणि कर्मचाऱ्याला धावत यावं लागतं. जास्त ठेवली तर चोरी निसटते. बिनमाणसाच्या गल्ल्यालाही एक माणूस जवळपास लागतो तो यासाठी.

रेघांच्या पुढची पायरी आपल्या ओळखीची आहे. गाडीच्या काचेवरचा फास्टॅग आणि काही दुकानांत कपड्यांना लावलेली चिप एकाच जातकुळीची. दोन्हींत बॅटरी नसते. समोरून आलेल्या रेडिओ लहरींवरच चिप क्षणभर जागी होते आणि आपला आकडा सांगते. अशा दुकानात कपडे एकेक न फिरवता ढीगच टोपलीत टाकला तरी सगळे एका दमात मोजले जातात. ओल्या फळांना ही चिप फारशी मानवत नाही. पाणी या लहरी शोषून घेतं आणि द्राक्षात पाण्याशिवाय फारसं काय असतं!

द्राक्ष खाण्याजोगं आहे का, हे यंत्र तपासत नाही. ते आधीच ठरलेलं असतं. युरोपला जाणाऱ्या बागेची अपेडा या सरकारी निर्यात संस्थेच्या ग्रेपनेट प्रणालीवर नोंद होते, प्रयोगशाळेत औषधांचे अंश तपासले जातात आणि पेटीवरून माग काढत बागेपर्यंत पोचता येतं. २०१० मध्ये लिहोसिन या वाढ रोखणाऱ्या औषधाच्या अंशांवरून युरोपात आपले कंटेनर अडकले, तेव्हा हा माग किती मोलाचा आहे हे बागायतदारांना चांगलंच कळलं.

आणि सुटी द्राक्षं असतील तर? रेघाच नाहीत. तिथे गिऱ्हाईक पडद्यावरच्या चित्राला बोट लावतं किंवा ४०२२ हा हिरव्या बिनबियांच्या द्राक्षांचा जागतिक क्रमांक दाबतं. आता काही यंत्रांवर कॅमेराही असतो. तो फळ पाहून अंदाज बांधतो आणि केळं, सफरचंद, द्राक्ष झटकन ओळखतो. पण याच तासगाव तालुक्यातल्या बोरगावात वसंतराव आर्वे यांनी थॉमसन जातीच्या बागेत एक निराळा वेल हेरला, जपला, वाढवला. त्यातून तास-ए-गणेश हे वाण महाराष्ट्रभर गेलं. हजारो सारख्या घडांतून तो एक वेगळा दिसण्यासाठी बागेत वर्षानुवर्षं वावरलेली नजर लागली. त्या कॅमेऱ्यासमोर थॉमसन आणि तास-ए-गणेशचे घड शेजारी ठेवले तर तो दोघांनाही ४०२२ च म्हणेल.