स्वयंवह यंत्राचा हिशेब

भास्कराचार्यांनी ११५० साली पूर्ण केलेल्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त एका चाकाचे वर्णन आहे. त्याच्या पोकळ आऱ्यांत पारा अर्धा भरावयाचा आणि मग ते आपोआप फिरत राहावयाचे. म्हणून ते स्वयंवह. कल्पना देखणी खरी. परंतु घर्षणात जाणारी ऊर्जा बाहेरून भरून निघाल्यावाचून कोणतेही चाक अखंड फिरत नाही, हे एकोणिसाव्या शतकातील पदार्थविज्ञानाने निर्विवाद ठरविले.

आज वास्तुशास्त्राचे विद्यार्थी तेच स्वप्न संगणकाच्या पडद्यावर पाहत आहेत. त्यात गैर काहीच नाही. ब्रिटनमधील ‘आर्किग्राम’ गटाचे रॉन हेरन यांनी १९६४ साली पायांनी चालणारे शहर कागदावर रेखाटले. ते बांधले गेले नाही. तरी वास्तू अचलच असावयाची, या समजुतीला त्याने धक्का दिला. मात्र कागदावरचे चित्र हे चित्र म्हणूनच ओळखू येते. पडद्यावरची प्रतिकृती हलते, वळते, सावलीही टाकते आणि यंत्र सिद्ध झाल्याचा भास होतो. वस्तुतः वजन, घर्षण, वारा यांची गणिते मुद्दाम घातल्याखेरीज त्या प्रतिकृतीला त्यांचा स्पर्शही होत नाही.

मग संगणक निरुपयोगी काय? मुळीच नाही. समुद्रकाठी वाऱ्यावर चालणारे सांगाडे उभारणारे डच कलावंत थिओ यान्सन यांनी पायांतील दांड्यांची योग्य प्रमाणे १९९० नंतर संगणकाकडूनच निवडून घेतली. परंतु ते तेथे थांबले नाहीत. प्लास्टिकच्या नळ्यांचे सांगाडे त्यांनी प्रत्यक्ष वाळूत उतरविले. वारा पडला तर काय, या प्रश्नाला बाटल्यांत दाबून साठविलेल्या हवेने उत्तर दिले. जर्मनीत फ्रायबुर्ग येथे रोल्फ डिश यांनी १९९४ साली बांधलेले ‘हेलिओट्रोप’ हे घर सूर्याच्या दिशेने फिरते आणि खर्चापेक्षा अधिक ऊर्जा निर्माण करते. तेथील जमाखर्च जुळतो, कारण जमेच्या बाजूला सूर्य आहे.

आजचे हे विद्यार्थी उद्या शाळा आणि रुग्णालये उभारतील. त्यांच्या चुकीच्या गणिताचे वीजबिल मात्र दुसऱ्यांना भरावे लागेल. म्हणून परीक्षकांनी हलत्या चित्राचे कौतुक जरूर करावे. परंतु सोबत एक पान अवश्य मागावे. ऊर्जा येते कोठून, साठते किती, गळते कोठे? स्वप्नाला बंदी नसावी. हिशेबातून सूटही नसावी.