घोरपड : बांधावरची आणि पिंजऱ्यांतली

मृगाचा पाऊस पडून गेला, म्हणजे नाशिकच्या नव्या वसाहतींतून, विशेषतः गोदावरीच्या अगर नासर्डीच्या कांठच्या घरांतून, एखाद्या सकाळीं मोठी धांदल उडते. न्हाणीच्या मोरीपाशीं दोन-तीन हात लांबीचें, करड्या रंगाचें, दुभंगलेली जीभ वारंवार बाहेर काढणारें एक जनावर दिसतें. कोणी त्याला मगरीचें पिलूं म्हणतो, कोणी त्याच्या नुसत्या फुत्कारानें माणूस मरतो असें सांगतो, आणि घरांतील कर्ता पुरुष काठी शोधूं लागतो. काठी सांपडण्यापूर्वीं प्रस्तुत लेख त्या घरीं पोंचावा, एवढाच आमचा हेतु आहे.

हें जनावर म्हणजे आपली घोरपड. हिंदुस्थानांत घोरपडीच्या चार जाति आहेत. पैकीं आपल्या जिल्ह्यांत पेठ-सुरगाण्याच्या रानापासून निफाडच्या द्राक्षबागांपर्यंत जी आढळते, तिला शास्त्रज्ञ बंगाली घोरपड म्हणतात. नांवावर जाऊं नये. इराणच्या कडेपासून ब्रह्मदेशापर्यंत तिचा संचार आहे. पूर्ण वाढलेलें जनावर पांच फुटांपर्यंत भरतें, व त्यांत निम्म्याहून अधिक शेंपूटच असतें. जीभ ती दंशासाठीं नव्हे, तर हुंगण्यासाठीं बाहेर काढते : जिभेच्या दोन टोकांवर आलेले गंधाचे कण टाळूंतील एका विशिष्ट इंद्रियाकडे पोंचतात, आणि त्यावरून पालापाचोळ्याखालीं दडलेला किडा तिला कळतो. विषाचें म्हणाल, तर अलीकडे कांहीं संशोधकांनीं घोरपडवर्गाच्या जबड्यांत विषसदृश स्राव करणाऱ्या ग्रंथि असल्याचें दाखविलें आहे. तथापि नागासारखे पोकळ विषदंत तिला नाहींत, आणि फुत्कारानें कोणी दगावतें ही समजूत सर्वस्वीं निराधार आहे. कोंडली गेली तर मात्र ती शेंपटीचा फटकारा मारते, नखें व दांत चालविते. असें झाल्यास जखम स्वच्छ धुवून डॉक्टरांस दाखवावी. मुळांत तिला कोंडूंच नये. बाहेरची वाट मोकळी ठेवून मुलांना व कुत्र्याला घरांत घेतलें, म्हणजे ती बहुधा आपण होऊन निघून जाते. न गेल्यास वनखात्यास १९२६ या क्रमांकावर कळवावें.

भुंगे, गोगलगाई, विंचू, खेकडे, बेडूक, उंदीर, लहान साप, मेलेलीं जनावरें असा तिचा आहार आहे. कोंबडीचीं अंडीं ती चोरते हा आरोप खरा. पण ज्या बागाइतदारानें त्या अंड्यांचा हिशेब मांडला, त्यानें उंदरांचाही मांडावा. उंदरांना विष घालणारांनीं तर हेंही ध्यानांत घ्यावें कीं, विषानें मेलेला उंदीर घोरपडीच्याही जिवावर बेतूं शकतो.

घोरपड म्हटली कीं आपल्या मुलांना सिंहगड आठवतो. इ. स. १६७० च्या फेब्रुवारींत तानाजी मालुसऱ्यांनीं जो गड घेतला, त्याच्या कड्यावर यशवंती घोरपड चढली, ही कथा शाहीर तुळशीदासाच्या पोवाड्यानें घरोघर पोंचविली. सभासदाच्या बखरींत मात्र घोरपडीचें नांव नाहीं. मावळे कडा चढून गेले एवढेंच तेथें आहे. मुधोळकर घोरपड्यांच्या घराण्यांतही आडनांवाची अशीच एक कथा विशाळगडाविषयीं, म्हणजे जुन्या खेळणा किल्ल्याविषयीं, सांगतात. कपारींत शिरलेली घोरपड अंग फुगवून नखें रोवते व ओढल्यानें निघत नाहीं, ही गोष्ट खरी. कथेचें मूळ बहुधा यांतच असावें. परंतु दोर बांधलेलें जनावर माणसाला हवी ती कपार हेरील व तेथें स्थिर राहील, हें पटण्याजोगें नाहीं. मावळ्यांचा पराक्रम त्यांच्याच हातापायांचा मानला तर तो कमी होत नाहीं, वाढतो!

आपल्या धर्मग्रंथांना ही गोधा चांगली परिचित होती. मनुस्मृतींत भक्ष्य मानलेल्या पंचनखी प्राण्यांत तिची गणना आहे, तर शिल्पशास्त्रांत गौरीला गोधेचें आसन दिलें आहे. अशा या प्राण्याची देवाच्याच नांवानें जी विटंबना चालते, ती मात्र सुशिक्षित घरांतही कळलेली नाहीं. पूजासाहित्याबरोबर 'हत्थाजोडी' नांवाची, जोडलेल्या हातांसारखी दिसणारी एक वस्तु शेंदूर लावून विकतात. ती दुर्मिळ वनस्पतीची मुळी असून तिजोरींत ठेवल्यानें लक्ष्मी स्थिर होते, असें विक्रेता सांगतो. वस्तुतः तें नर घोरपडीचें वाळविलेलें जननेंद्रिय असतें, इ. स. २०१७ मध्यें हा प्रकार चव्हाट्यावर आला. घरांतील वडीलधाऱ्यांनीं तें देव्हाऱ्यांत ठेवलें असेल, तर त्यांना काय सांगावें हें ज्याचें त्यानें ठरवावें. पण सांगावें हें खास. सांधेदुखीवरील घोरपडीच्या तेलाचीही तीच गत. त्यानें गुडघा बरा होतो याला शास्त्रीय आधार नाहीं, आणि कुपी खरी असली तर तिच्यापायीं एक जीव गेलेला असतो. इ. स. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें घोरपडीला पहिल्या परिशिष्टांत, म्हणजे वाघाच्याच पंक्तीला, बसविलें आहे. तिला मारणें, पकडणें, पाळणें, तिचे अवयव बाळगणें या सर्वांस तीन ते सात वर्षें कैद व किमान पंचवीस हजार रुपये दंड सांगितला आहे.

पाळण्याचा मोह मुलांना होतो, आणि त्यांना दोष देतां येत नाहीं. घोरपड माणसाळते, याचा प्रसिद्ध दाखला लंडनचा आहे. कोमोडो बेटावरील दहा फुटी घोरपडीचें शास्त्रीय वर्णन इ. स. १९१२ मध्यें प्रसिद्ध झालें, व १९२७ त दोन जिवंत कोमोडो लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत आले. तेथील सरपटणाऱ्या प्राण्यांच्या विभागाची प्रमुख जोन प्रॉक्टर ही बाई सदा आजारी; तरी त्यांपैकीं 'सुंबावा' नांवाचें जनावर तिच्याबरोबर बागेंत फिरे, आणि इ. स. १९२८ मध्यें विद्वानांच्या सभेंत तिनें त्याला स्वतःच्या हातानें भरविलें. इ. स. १९३१ त, अवघ्या चौतिसाव्या वर्षीं, ती वारली. पण या मैत्रीमागें तिनें स्वतः आंखलेली एक इमारत होती, व तींत प्रत्येक प्राण्यास लागणाऱ्या उष्णतेची व उजेडाची निराळी तजवीज होती. आपल्या गच्चीवरील खोक्यांत यांतलें काय असतें? ऊन न मिळाल्यानें हाडें मऊ पडतात, जाळीवर घासून नाकपुड्या सोलतात, आणि दिवसभर मैलोगणती हिंडणारें जनावर कोपऱ्यांत अन्न सोडून बसतें.

ज्यांना घोरपड पाहण्याची खरी हौस आहे, त्यांनीं आश्विनांत मुलांना घेऊन शहराबाहेरच्या एखाद्या खडकाळ टेकडीच्या पायथ्याशीं अगर ओढ्याकांठीं जावें. उन्हें चढूं लागलीं कीं ती दगडावर अंग पसरून पडते. दुर्बीण जवळ असावी व बोलणें बेताचें. कारण पावलाचा आवाज आला, कीं ती एवढ्या त्वरेनें बिळांत शिरते कीं धाकट्यांना नुसतें शेंपूटच दिसतें.